गप्पीची मादी भित्री असते की नुसती मोठी? घरच्या टाकीत तपासायची रीत

गप्पी मासे पाळणारा कुणीही सांगेल की नर टाकीभर भटकत असतात, माद्या घोळक्यानं राहतात आणि टाकीत नवीन काही पडलं की आधी नर हुंगायला येतो. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून ‘मादी भित्री’ असं म्हणून मोकळं होणं घाईचं आहे. गप्पीचा नर शेपटीसकट अडीच-तीन सेंटिमीटरचा, तर मादी चार ते सहाची. आपण नर-मादी तुलना करतोय असं वाटत असतं, तेव्हा त्याच दमात लहान-मोठ्याचीही तुलना चाललेली असते. धीटपणा नर असण्यानं येतो की अंगानं लहान असण्यानं, हे टाकीसमोर खुर्ची टाकून नुसतं बघत बसल्यानं सुटत नाही. ही गाठ सोडवायची रीत पुढे देतो. सामान सगळं इंदुरात मिळणारं, बरंचसं घरातलंच. बीएस्सीला झूलॉजी असलेल्या मुलांना प्रोजेक्टसाठी उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या हॉलमध्ये टाकी आहे त्यांना एरवीही.

आधी थोडं ‘का’

नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मादी मात्र वाढतच राहते, आणि अंग जितकं मोठं तितकी पिल्लं जास्त. पहिल्या विणीत मोजकीच होतात. पूर्ण वाढलेल्या मादीला एका विणीत तीस-चाळीस सहज. विणी साधारण चार आठवड्यांच्या अंतरानं होतात. शिवाय मादी नराचे शुक्राणू अंगात महिनोन्‌महिने साठवू शकते, म्हणजे एका मीलनावर अनेक विणी निघतात. तिच्या दृष्टीनं आणखी एक महिना जिवंत राहणं हा फायद्याचा सौदा. नराला तशी सोय नाही. त्याची संतती किती, हे त्याला किती माद्या भेटल्या यावर ठरतं. त्यामुळे तो फिरतो आणि धोकाही पत्करतो.

हे झालं नर-मादीचं कारण. आकाराचं कारण वेगळं आहे. लहान शरीर दर ग्रॅममागे जास्त ऊर्जा जाळतं आणि साठाही कमी असतो. लहान मासा फार वेळ उपाशी लपून बसू शकत नाही, त्याला लवकर बाहेर पडावंच लागतं. पनामातल्या ओढ्यांत गप्पीच्याच कुळातला ब्रॅकिराफिस नावाचा मासा आहे. त्याला बंद डब्यात ठेवून दार उघडलं तेव्हा लहान मासे मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर आले होते. ज्या ओढ्यांत शिकारी मासे जास्त तिथले मासेही लवकर बाहेर आले, जे आपल्या अंदाजाच्या अगदी उलट आहे.

म्हणजे ‘नर धीट’ आणि ‘लहान धीट’ ही दोन्ही कारणं गप्पीत एकाच बाजूला ओढतात. म्हणूनच ती वेगळी करावी लागतात.

मोठा मासा सुरक्षित असतो, असंही सरसकट धरू नका. त्रिनिदाद हे गप्पीच्या मूळ गावांपैकी एक. तिथे ओढ्यांच्या खालच्या भागात क्रेनिसिक्ला नावाचा मोठा मासा असतो, तो चांगल्या वाढलेल्या गप्पींवर ताव मारतो. वर धबधब्यांच्या पलीकडे रिव्ह्युलस असतो, तो मुख्यतः लहानग्यांना खातो. एकाच मादीचं अंग एका डोहात तिला वाचवतं आणि दुसऱ्यात तिच्या जिवावर उठतं.

मासे निवडताना

सगळा प्रयोग या एका पायरीवर उभा आहे. जोडीनं विकायला ठेवलेले झुपकेदार शेपटीचे फॅन्सी गप्पी घेऊ नका. ती लांब शेपटी पोहायला अडचणीची असते; असा नर मागे राहिला तर तो स्वभाव म्हणायचा की शेपटीचं ओझं? साधे, आखूड शेपटीचे ‘मिक्स’ गप्पी मागा. दुकानदार भराभर रंगीत नर पिशवीत भरू लागेल, कारण साध्या माद्यांना गिऱ्हाईक नाही. ‘मादा तो कोई लेता नी भिया’ असं म्हणून वर दोन-चार फुकटही देईल. त्याला थांबवा, आणि माद्या स्वतः निवडा.

चाचणीला आठ नर आणि सोळा माद्या पुरे (दुसऱ्या चाचणीतल्या बरणीसाठीच्या पाच माद्या वेगळ्या). माद्या एका मापाच्या नकोत. काही अगदी लहान, म्हणजे नरांएवढ्याच, काही मधल्या, काही थोराड. नरांएवढ्या माद्या निदान सहा तरी हव्यात, कारण खरा निकाल त्यांच्याकडूनच लागणार आहे. लांबी शक्य तितकी वेगवेगळी ठेवली की आणखी एक सोय होते: माद्यांना नरांसारखे ओळखीचे ठिपके नसतात, पण मापावरून आणि फोटोवरून कोण कोणती ते पुढे ओळखता येतं.

लहान मादी आणि कच्चा नर यांत गल्लत होते. रंगावर जाऊ नका. पोटाखाली शेपटीच्या पुढे जो पर (फिन) असतो, तो बघा. मादीत तो छोट्या पंख्यासारखा उघडा असतो. नरात त्याची बारीक काडी झालेली असते, मागे वळलेली, पोटाला जवळजवळ चिकटलेली. मीलनाचा अवयव तोच. मादीच्या त्या पराच्या वर, पोटाच्या मागच्या टोकाला, गडद डागही दिसतो. मासा काचेजवळ आडवा आला की मोबाइलचा टॉर्च मागून धरा, काडी की पंखा लगेच कळतं. पर अर्धवट लांबुडका, धड काडी नाही आणि धड पंखा नाही, असा दिसला तर तो वयात येणारा नर आहे. त्याला बाजूला ठेवा.

दुकानातून आणलेली मोठी मादी गाभण असणार हे गृहीतच धरा. पोट चौकोनी दिसू लागलं की ती एक-दोन दिवसांत विणार. अशी मादी चाचणीत घ्यायची नाही, ती सुस्त असते.

पाणी, टाकी, थंडी

दोन फुटी टाकीत (२ × १ × १ फूट) साधारण ५५ लिटर पाणी मावतं. अशा दोन टाक्या घ्या, दोन्हींत स्पंज फिल्टर, आणि दोन्हींत एका नरामागे दोन माद्या हेच प्रमाण. नर-माद्या वेगळ्या ठेवायचा मोह होईल, पण बरेच दिवस मादी न दिसलेला नर चाचणीत जास्तच सैरभैर फिरतो आणि आकडे बिघडवतो.

नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून इंदुरात आणलेलं नर्मदेचं पाणी गप्पीला छान मानवतं. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा बादलीत चोवीस तास उघडं ठेवून मग वापरा, नाहीतर दुकानातलं अँटीक्लोर टाका. बोअरचं जड पाणीही या माशाला चालतं. फक्त मध्येच एकाचं दुसरं करू नका. नव्या टाकीत फिल्टर बसल्यावर तीन-चार आठवडे पाणी मुरू द्या, मग पूर्ण संख्या सोडा.

तापमानाला मात्र सूट नाही. मासा थंड रक्ताचा; पाणी थंड झालं की तो मंदावतो, आणि तुम्ही वहीत लिहाल ‘भित्रा’. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर. हीटर २६ अंशांवर लावा आणि प्रत्येक चाचणीआधी थर्मामीटर बघून आकडा लिहा. दिवाळीनंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी-मार्च हा सोयीचा काळ. भर उन्हाळ्यात पाणी २९-३०च्या खाली येत नसेल तर प्रयोग पुढे ढकला.

माप

माप तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंत घ्यायचं. शेपटी धरायची नाही, कारण नराची शेपटी म्हणजे निम्मा देखावा असतो. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, चिमटीत तर मुळीच धरायचा नाही. चपट्या पारदर्शक डबीत दोन बोटं पाणी घ्या, मागच्या बाजूला आलेखाचा कागद बाहेरून चिकटवा आणि मासा कागदाच्या बाजूला सरकेल इतकीच जागा राहील असा काचेचा तुकडा आत उभा करा. मोबाइल अगदी समोर धरून फोटो काढा. तिरका धरला तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि इथे दोन मिलिमीटर म्हणजे बरंच काही. मग फोटो मोठा करून चौकटी मोजा.

अशा मापात नर बहुधा १.८ ते २.३ सेंटिमीटरमध्ये येतील. तेवढ्याच मापाच्या माद्या तुमच्याकडे आहेत ना, हे इथेच तपासा. नसतील तर पुन्हा दुकान गाठा, पुढे जाऊ नका.

मापानंतर दोन दिवस माशांना निवांत राहू द्या.

पहिली चाचणी: डब्यातून बाहेर

श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा घ्या, पांढरा, आरपार न दिसणारा. बाजूला तळाशी चार सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच चौकोनी दार कापा. दार ऐसपैसच हवं. अरुंद ठेवलंत तर थोराड मादी दारामुळे अडेल आणि आकड्यांत ते तिचा स्वभाव म्हणून शिरेल. प्लास्टिकच्या फाइलचा तुकडा दारावर वर-खाली सरकेल असा बसवा, त्याला लांब दोरा बांधा. डब्यात मूठभर गोटे टाकले की तो तरंगत नाही.

रिकाम्या तिसऱ्या टाकीच्या एका टोकाला हा डबा ठेवा. पाणी डब्याच्या काठाखाली राहील एवढंच भरा. टाकीच्या चारी बाजूंना बाहेरून खाकी कागद लावा, नाहीतर तुमच्या शर्टाचा रंगही निकालात उतरेल. तळाखाली पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखलेला कागद सरकवा. मोबाइल वरून, सरळ खाली बघणारा, स्टँडवर बांधून ठेवा.

आता क्रम. सकाळी खाणं घालायच्या आधी सुरुवात करा, म्हणजे सगळे सारखेच उपाशी असतील. कोणता मासा कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी सगळे नर आणि मग सगळ्या माद्या असं केलंत तर दुपारच्या उजेडाचा फरकही माद्यांच्या नावावर जमा होईल. जाळीनं पकडू नका, प्लास्टिकच्या पेल्यात घ्या, दर वेळी त्याच पेल्यात. मासा डब्यात सोडा, वर झाकण ठेवा, तीन मिनिटं थांबा. व्हिडिओ सुरू करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून दोरा ओढा. सावकाश ओढा, हिसका नको.

नोंद दोन गोष्टींची. मासा शेपटीसकट पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागले, आणि बाहेर आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत किती चौकटींत शिरला. दहा मिनिटांत बाहेर आला नाही तर ६०० लिहा आणि झाकण काढून त्याला हलकेच परत घ्या.

बघताना एक गोष्ट हमखास दिसेल. पुष्कळ मासे दाराशी येतात, डोळ्यांपर्यंतचं तोंड बाहेर काढतात, कल्ले भराभर हलवत तिथेच तरंगत राहतात आणि उलटे मागे सरकतात. काही तर हे चार-पाच वेळा करतात. याचीही नोंद ठेवा. तोंड काढून मागे जाणारा आणि आत कोपऱ्यात निपचित बसलेला, दोघांचेही सेकंद सारखेच येतील, पण दोघं सारखे नव्हेत. कागदावर छापून न येणारी ही माहिती मला आकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

प्रत्येक माशानंतर टाकीतलं निदान निम्मं पाणी बदला. घाबरलेल्या किंवा खरचटलेल्या माशाचा वास पाण्यात उरतो आणि पुढचा मासा तो ओळखतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलंत तर यादीतले शेवटचे मासे उगाच भित्रे ठरतील.

मोठा मासा किंवा मांजर दाखवून घाबरवायची चाचणी करू नका. कॉलेजसाठी काम असेल तर मार्गदर्शकांना सगळी पद्धत आधी दाखवून घ्या.

दुसरी चाचणी: घोळक्याची ओढ

ही सोपी आहे. तीच टाकी, डबा काढून टाकलेला. दोन टोकांना दोन सारख्या काचेच्या बरण्या. एकीत चाचणीबाहेरच्या पाच माद्या, दुसरीत फक्त पाणी. मधोमध मासा सोडा, पाच मिनिटं सरावू द्या, मग दहा मिनिटं मोजा: माशांच्या बरणीपासून दहा सेंटिमीटरच्या आत किती वेळ होता. बरण्यांच्या बाजू दर माशाला आलटूनपालटून बदला.

बऱ्याच अभ्यासांत ‘जवळ’ म्हणजे ‘माशाच्या चार शरीरलांब्यांच्या आत’ असं धरतात. आपल्या प्रश्नाला ते उपयोगाचं नाही. पाच सेंटिमीटरच्या मादीला वीस सेंटिमीटरचा पट्टा मिळेल आणि दोनच्या नराला आठचा. मादी जास्त घोळकाप्रिय आहे, हे मग फुटपट्टीनंच ठरवल्यासारखं होईल. सगळ्यांना दहाच सेंटिमीटर द्या.

निकाल वाचताना मात्र जपून. बरणीत माद्या आहेत. नर तिथे घुटमळला तर ते संरक्षणासाठी की प्रेमापोटी? त्याचं अंग बघा. काचेसमोर तो शरीर इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून थरथरत असेल, तर ते घोळक्याची ओढ म्हणून मोजू नका, वेगळ्या रकान्यात घाला. आणि तो बरणीतल्या कोणत्या मादीसमोर थरथरतोय तेही लिहा. साधारणपणे नर मोठ्या मादीकडे जास्त ओढले जातात, तिच्याकडून पिल्लं जास्त म्हणून. मोठ्या मादीच्या नशिबी त्रासही मग जास्त येतो. त्रिनिदादच्या ओढ्यांत नरांचा ससेमिरा चुकवायला माद्या खोल, शिकारी असलेल्या पाण्यात जातात असं दिसून आलं आहे, कारण रंगीत नर तिथे जायला कचरतात. मादी भित्री असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आकडे कसे वाचायचे

सरासरी काढू नका. काहींचे ६०० असतील, ते सगळी सरासरी वर खेचतील. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून मधला घ्या, म्हणजे मध्यक.

त्याआधी एक चित्र काढा. आलेखाच्या कागदावर आडवी लांबी, उभे सेकंद. नर निळे ठिपके, माद्या लाल. मग तीन प्रश्न, याच क्रमानं.

नुसते लाल ठिपके बघा. लहान मादीकडून मोठीकडे जाताना सेकंद वाढत जातात का? वाढत असतील तर आकाराचा परिणाम आहे, कारण इथे नर-मादी हा मुद्दाच नाही.

मग १.८ ते २.३ सेंटिमीटरचा पट्टा पेन्सिलीनं आखा आणि त्यातले निळे-लाल ठिपके बघा. मापं सारखी, फरक फक्त नर-मादीचा. समजा नरांचा मध्यक ४० सेकंद आला आणि तेवढ्याच माद्यांचा ४५, तर तुमच्या टाकीत धीटपणाचा संबंध मुख्यतः अंगकाठीशी आहे. तेच माद्यांचा १५० आला, तर मादी असण्याचा स्वतःचा असा वाटा आहे. दोन्ही थोडंथोडं असं उत्तर यायचीच शक्यता जास्त, आणि त्यात काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न चिकाटीचा. आठवड्यानं पहिली चाचणी पुन्हा घ्या. सगळेच थोडे लवकर बाहेर येतील, जागा ओळखीची झालेली असते. बघायचं ते हे की क्रम टिकतो का. मागच्या वेळी पुढे असलेले याही वेळी पुढे असतील, तर ते त्या-त्या माशाचं वळण म्हणता येईल. क्रम पार विस्कटला असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर इमले बांधू नका.

एक गुंता यानंतरही उरतो. मोठी मादी ही वयानंही मोठी असते, तिनं जग जास्त बघितलेलं असतं. आकार की अनुभव? हे सोडवायचं तर एकाच विणीची पिल्लं वाढवायला हवीत. पिल्लं झाल्यावर त्यांचे दोन गट करा. एका गटाला दिवसातून तीनदा खाणं, दुसऱ्याला एकदा, पण पोटभर. चौथ्या आठवड्याच्या सुमारास काडी दिसू लागते, तेव्हाच नर-माद्या वेगळ्या करा, कारण त्यानंतर माद्या लगेच गाभण राहू शकतात. तीन महिन्यांनी वय एक, माप दोन अशा माद्या हातात येतात. चाचणीआधीचा आठवडाभर मात्र दोन्ही गटांना सारखंच खाणं द्या, नाहीतर तुम्ही भूकच मोजाल. ज्याला खरंच वेळ आहे त्यानं हे करावं; माझ्या मते सगळ्यांत खणखणीत उत्तर इथेच मिळतं.

गप्पीचा कंटाळा आला तर झेब्रा मासा घ्या. तो आपल्याच उपखंडातला, आणि त्याच्यात नर-मादीच्या लांबीत फारसा फरक नसतो; मादी पोटाला गोल, नर सडपातळ आणि पट्ट्यांमध्ये पिवळसर झाक असलेला. म्हणजे आकार आणि नर-मादी हा गुंता तिथे मुळातच कमी. टाकीवर झाकण तेवढं हवं, उडी मारतो.

शेवटी माशांचं काय

चाचण्या संपेपर्यंत चोवीसांचे शंभर झालेले असतात. सिरपूर तलाव किंवा यशवंत सागर जवळ असला तरी तिथे सोडू नका. दोन्ही २०२२ पासून जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत, आणि गप्पी हा आपल्याकडे बाहेरून आणलेला मासा. नाल्यातही नको, नाला शेवटी नदीलाच मिळतो. दुकानदार नर आनंदानं परत घेतो. माद्या घेणार नाही, तेव्हा वाढ थांबवायची असेल तर नर-माद्या कायमच्या वेगळ्या टाक्यांत ठेवा आणि साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने पिल्लं होत राहतील याची तयारी ठेवा.